घोषणेचा कायदा होतो तेव्हा

(वालूर, ता. सेलू, जि. परभणी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

तुमच्या गावात येणारा माणूस आधी ती चक्राकार पायऱ्यांची बारव बघायला जातो, मीही दुपारी जाऊन आलो. त्याच बारवेवर बोलायला मला जास्त आवडलं असतं, पण विषय ठरलाय तो दहशतवादाचा. म्हणजे दहशतवादावरच्या राजकीय घोषणांचा, आणि त्या घोषणांमधून आपल्याकडे कायदे कसे तयार झाले याचा.

दहशतवाद म्हटलं की डोळ्यांपुढे मुंबई येते. ताज हॉटेल येतं, लोकल गाड्या येतात. ते खरंच आहे. पण जालना, परभणी, पूर्णा, नांदेड ही नावं घ्या. आपल्या सेलूवरून जाणाऱ्या रेल्वेलाईनवरची ही स्टेशनं. या चारही गावांत २००३ ते २००६ या काळात बॉम्ब फुटलेत. त्यामुळे हा विषय दुसऱ्या कुणाचा आहे असं समजून ऐकू नका.

घोषणा म्हणजे मोर्चात हात वर करून ओरडतात तेवढीच नव्हे. वर्तमानपत्राचा मथळा, निवडणुकीची जाहिरात, मंत्र्याचं एखादं वाक्य, हे सगळं मी घोषणेत धरतोय. तिचं काम काय, तर शत्रूला एका शब्दात नाव देणं. ते वाईटच असतं असं नाही, नाव दिल्याशिवाय राजकारण चालत नाही. पण कायद्याला नाव पुरत नाही. कायद्याला कृती लागते. कोणी काय केलं, केव्हा केलं, पुरावा काय. घोषणेतलं नावच उचलून कायद्यात घातलं की पुढे काय होतं, ते आज बघायचंय.

सुरुवात १९०८ पासून करू. ३० एप्रिल १९०८ला बिहारमध्ये मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला. मारायचं होतं किंग्जफर्ड नावाच्या न्यायाधीशाला, गेल्या दोन इंग्रज बायका. इंग्रजी वर्तमानपत्रांनी एकच ओरड सुरू केली, अनार्किस्ट आले, अराजकवादी आले. आणि ८ जूनला, म्हणजे बरोबर ३९व्या दिवशी, सरकारने एका दिवसात दोन कायदे केले. एक स्फोटक पदार्थांचा, दुसरा वर्तमानपत्रांचा, चिथावणीखोर मजकूर छापणारा छापखानाच जप्त करण्याचा.

दुसऱ्या दिवशी, ९ जूनला, ‘केसरी’त अग्रलेख आला. त्याचं शीर्षक ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. टिळकांवर राजद्रोहाचा जो खटला झाला, त्यात हा अग्रलेख होता. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले. टिळक बॉम्बची बाजू घेत होते का, यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो. मला त्यापेक्षा शीर्षक महत्त्वाचं वाटतं. कारण पुढे काय झालं बघा. वर्तमानपत्रांचा कायदा १९२२ साली रद्द झाला. स्फोटक पदार्थांचा कायदा मात्र आजही चालू आहे. कुठेही बॉम्ब फुटला की पोलीस आजही जी कलमं लावतात त्यात १९०८चा हा कायदा असतो. तो वस्तूबद्दल बोलतो. तुझ्याकडे स्फोटकं सापडली का, तू ती कशासाठी बाळगलीस. तुझं नाव काय आणि तू कुठल्या विचाराचा, हे तो विचारत नाही. माझ्या मते तो टिकला त्याचं कारण हेच.

रौलट कायदा तर सगळ्यांनी शाळेत वाचलाय. त्याचं पूर्ण नाव मात्र पुस्तकात छापत नाहीत. अराजकी आणि क्रांतिकारी गुन्ह्यांचा कायदा, १९१९. आता गंमत बघा. रौलट समितीच्या अहवालाचं पहिलंच प्रकरण आपल्या मुंबई इलाख्यावर आहे, पुण्यावर आहे. २२ जून १८९७ला चाफेकर बंधूंनी रँडला मारलं तिथून समिती सुरुवात करते. आता चाफेकर काही अनार्किस्ट नव्हते हो. राज्य नावाची गोष्टच नको असं म्हणणारा तो युरोपातला पंथ, त्याचा या धर्माभिमानी चित्पावन पोरांशी काय संबंध? पण शब्द सोयीचा होता. युरोपात राजांवर बॉम्ब टाकणारे, बंगालमधले, पुण्यातले, सगळे एका पिशवीत घालता येत होते. पिशवी मोठी म्हणून कायदाही मोठा. खटल्याशिवाय डांबून ठेवायची सोय झाली. लोकांनी त्याला आपल्या घोषणेनं उत्तर दिलं, ‘ना वकील, ना दलील, ना अपील’. तीन शब्दांत अख्खा कायदा समजावून सांगणारी अशी घोषणा मला तरी दुसरी माहीत नाही. जालियनवाला बाग झाली ती या कायद्याविरुद्धच्या आंदोलनात. कायदा १९२२ मध्ये गेला.

आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य, म्हणून इंग्रजांचे हे कायदे मराठवाड्यात लागू नव्हते. आपली कथा वेगळी. पण शब्दाची ताकद इथल्या लोकांनीही बघितलीय. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पाच दिवस, मेजर जनरल चौधरींच्या हाताखाली भारताची फौज हैदराबाद संस्थानात शिरली. रणगाडे होते, विमानं होती. आणि नाव काय? पोलीस अ‍ॅक्शन. अजूनही म्हातारी माणसं ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या साली’ असंच सांगतात. निजामाने प्रकरण संयुक्त राष्ट्रांत नेलं होतं. लष्करी म्हटलं असतं तर ते दोन देशांचं भांडण ठरलं असतं, पोलिसी म्हटल्यावर घरचा मामला झाला. मुक्तिसंग्रामाच्या न्याय्यतेबद्दल मला शंका नाही. रझाकारांनी काय केलं ते इथल्या घराघरांत ठाऊक आहे. सांगायचं एवढंच, की नाव द्यायची कला इंग्रजांसोबत गेली नाही.

मधला काळ भराभर सांगतो. १९५०चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा, १९७१चा मिसा, आणीबाणीत मिसाखाली झालेल्या अटका. मग मे १९८५. दिल्लीत आणि आजूबाजूला ट्रान्झिस्टर बॉम्ब फुटले आणि दोन आठवड्यांत ‘टाडा’ आला. फक्त दोन वर्षांसाठी, असं म्हणाले. राहिला दहा वर्षं. मुळात पंजाबसाठी आणलेला, पण गुजरातमध्ये, जिथे तेव्हा दहशतवाद नावाला नव्हता, तिथे हजारोंना लागला. देशभरात अटक झालेल्यांचा आकडा ७६ हजारांच्या पुढे गेला आणि शिक्षेचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली राहिलं. आपल्या राज्यात वसई-विरारच्या टोळीवरही टाडा लावला. तेव्हा १९९४ साली हितेंद्र ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की गुन्हा कितीही गंभीर असला तरी प्रत्येक गुन्हेगार दहशतवादी नसतो. ही गोष्ट न्यायालयाने सांगायची वेळ यावी!

१९८७ला टाडा नव्याने केला तेव्हा त्यात एक कलम आलं. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालेल. साध्या खटल्यात पोलिसापुढची कबुली चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा, कारण पोलीस कबुली कशी घेतात ते इंग्रजांनाही माहीत होतं. हेच कलम पुढे १९९९च्या आपल्या ‘मोक्का’त आलं, मग २००२च्या ‘पोटा’त आलं. हे लक्षात ठेवा. मला विचाराल तर आजच्या सगळ्या व्याख्यानाचा खिळा तो आहे.

आता पोटा. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कला जे झालं, त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी ‘दहशतवादाविरुद्ध युद्ध’ जाहीर केलं. ही घोषणा जगभर फिरली. आपल्याकडे २४ ऑक्टोबरला पोटाचा अध्यादेश निघाला, अमेरिकेचा पेट्रियट कायदा २६ ऑक्टोबरला. दोन दिवसांनी आपण पुढेच! राज्यसभेत विधेयक पडलं, तेव्हा २६ मार्च २००२ला संसदेचं संयुक्त अधिवेशन बोलावून ४२५ विरुद्ध २९६ मतांनी मंजूर केलं. सभागृहातली आणि बाहेरची भाषा एकच होती. पोटाच्या बाजूने असाल तर देशाच्या बाजूने, विरोधात असाल तर दहशतवाद्यांबद्दल मवाळ. असं मैदान आखलं की कलम ३२मध्ये नेमकं काय लिहिलंय हे विचारणाराच संशयित ठरतो.

आणि हा कायदा वर्षाच्या आत परभणीला पोचला. २ डिसेंबर २००२ला मुंबईत घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला, दोघं गेले. पोलिसांनी पोटाखाली ज्यांना पकडलं त्यात परभणीचा ख्वाजा युनूस होता. सत्तावीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईत नोकरीला. जानेवारी २००३मध्ये पोलिसांनी सांगितलं, त्याला औरंगाबादकडे नेताना जीप उलटली आणि तो पळाला. नंतर सीआयडीच्या चौकशीत ही पळाल्याची गोष्ट बनावट असल्याचं पुढे आलं. तो कोठडीतच मेला होता असा निष्कर्ष निघाला. मृतदेह कधीच मिळाला नाही. आईने वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. काही पोलिसांवर गुन्हा दाखल झाला, आणि वीस वर्षं उलटली तरी खटला रेंगाळलाच. घाटकोपरच्या स्फोटातल्या बाकीच्या आरोपींचं काय झालं? पोटा न्यायालयाने २००५ साली त्यांना निर्दोष सोडलं. म्हणजे ते दोघं बसमध्ये मेले, एक पोरगा कोठडीत मेला, आणि बॉम्ब कोणी ठेवला ते आजही सिद्ध नाही.

त्याच वर्षी, २१ नोव्हेंबर २००३ला, शुक्रवारच्या नमाजच्या वेळी परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत बॉम्ब फेकला गेला. कित्येक लोक जखमी झाले. २७ ऑगस्ट २००४ला जालना आणि पूर्णा, एकाच दिवशी, पुन्हा नमाजच्या ठिकाणीच. तपास कुठे गेला? फार कुठे गेला नाही. त्याला खरी दिशा मिळाली ती अडीच वर्षांनी, ६ एप्रिल २००६ला, नांदेडच्या एका घरात बॉम्ब तयार करताना फुटला आणि दोन तरुण मेले तेव्हा. सुरुवातीला फटाक्यांचा साठा पेटला असं सांगण्यात आलं. मग दहशतवादविरोधी पथकाने तपास घेतला आणि परभणी, जालना, पूर्णा यांचे धागे तिथे जोडले.

हे आधी का दिसलं नाही? त्या वर्षांत एक वाक्य सगळीकडे फिरत होतं. तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. सगळे मुसलमान दहशतवादी नसतात, पण सगळे दहशतवादी मुसलमान असतात. ऐकायला समतोल वाटतं बघा, अर्धं वाक्य उदारपणाचं आहे. पण तपास करणाऱ्या माणसाच्या डोक्यात उरलेलं अर्धंच राहिलं, तर मशिदीत फुटलेल्या बॉम्बकडे तो कसा बघणार?

उत्तर मालेगावला मिळालं. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा दिवस, शुक्रवार. बडा कब्रस्तानाजवळ स्फोट, तीसहून जास्त माणसं गेली, जवळजवळ सगळी मुसलमान. नांदेडला पाचच महिने झाले होते. पथकाने पकडले नऊ मुसलमान. मोक्का लावला, कबुलीजबाब घेतले. ते २०११ पर्यंत तुरुंगात होते आणि २५ एप्रिल २०१६ला न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. ज्यांचे शेजारी मेले, त्यांच्याच दहा वर्षांवर हा आरोप.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझं बोलणं एकतर्फी वाटणार नाही. २९ सप्टेंबर २००८ला मालेगावला पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. या वेळी हेमंत करकरे यांच्या पथकाने हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित लोकांना अटक केली. त्यांनाही मोक्काच लावला. आणि दुसऱ्या बाजूची घोषणा तयार झाली, ‘भगवा दहशतवाद’. २०१०मध्ये तर केंद्रीय गृहमंत्र्यांनी तो शब्द वापरला. झालं! ज्या खटल्यात मोटारसायकल कोणाची, आरडीएक्स कुठून आलं, बैठकीत कोण होतं एवढंच बघायचं होतं, तो खटला एका रंगाचा, एका धर्माचा झाला. एकाला तो सगळ्या हिंदूंचा अपमान वाटला, दुसऱ्याला हिशेब चुकता झाल्यासारखा. सरकार बदललं तशी तपास यंत्रणेची भाषा बदलली. २०१६मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने मोक्का काढायला सांगितलं. शब्द वापरणाऱ्यांना वाटलं आपण समतोल साधला. माझं मत असं, की त्यांनी खटला कमजोर करणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं.

२६/११ बद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. १६६ माणसं गेली. मला तुमचं लक्ष दोन तारखांकडे वेधायचंय. हल्ला सुरू असतानाच, २८ नोव्हेंबरला, दिल्लीच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर विरोधी पक्षाची जाहिरात होती. सरकार दुबळं आहे, दहशतवादाशी लढायचं तर आम्हाला मत द्या, असा तिचा आशय. दुसऱ्या दिवशी दिल्लीत मतदान झालं आणि तो पक्ष हरला. पुढच्या वर्षी लोकसभेलाही हरला. म्हणजे घोषणा मतपेटीत चालली नाही. पण १७ डिसेंबरला लोकसभेत आणि १८ला राज्यसभेत काय झालं? राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा आणि यूएपीएची दुरुस्ती. ज्या सरकारने २००४मध्ये पोटा रद्द केला, त्याच सरकारने पोटातली बरीचशी कलमं, कबुलीचं सोडून, यूएपीएत परत आणली. हल्ल्यापासून बावीस दिवसांत. मुझफ्फरपूरनंतर इंग्रजांना ३९ लागले होते. ‘दुबळं’ हा शब्द मतदाराला पटला नसेल, पण सत्तेत बसलेल्याला तो बरोबर बोचला.

आता तुलना करा. मुंबईत सीसीटीव्ही बसवायचं त्याच वेळी ठरलं होतं. राम प्रधान समितीने पोलिसांची शस्त्रं, बोटी, प्रशिक्षण यांतल्या उणिवा दाखवल्या होत्या. कॅमेऱ्यांचा प्रकल्प पुरा व्हायला २०१६ उजाडलं. कायदा बावीस दिवसांत आणि कॅमेरे आठ वर्षांत. कारण कॅमेऱ्याची घोषणा होत नाही. निविदा काढा, केबल टाका, माणसं शिकवा, यावर कोण टाळ्या वाजवणार? आर. आर. आबांचं मंत्रिपद एका वाक्यावरून गेलं, मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतात या. वाक्य वाईटच होतं. पण बोट किनाऱ्याला लागली कशी, यावरून किती अधिकाऱ्यांना घरी जावं लागलं?

तुमच्यातून कोणी विचारेल, की मग काय, दहशतवाद नाहीच का? आहे ना. मे २००६मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर पकडलेली आरडीएक्स आणि रायफली खऱ्या होत्या, त्या खटल्यात २०१६ला शिक्षा झाल्या. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या २००३च्या स्फोटात पोटाखालीच शिक्षा झाली. आपल्या परभणीतून २०१६मध्ये आयसिसच्या नावाने काही तरुण पकडले गेले, त्यातल्या एकाने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. मनमाडच्या खटल्यातली एक गोष्ट नीट बघा. न्यायालयाने मोक्का काढून टाकला, तरी शिक्षा झाल्या. कारण समोर माल होता, गाडी होती, पंचनामा होता. जिथे पुरावा आहे तिथे साधी कलमंही पुरतात.

आणि नसेल तिथे कडक कायदाही पुरत नाही. ११ जुलै २००६च्या लोकल स्फोटांत १८०हून जास्त माणसं गेली. मोक्काखाली कबुलीजबाब झाले, २०१५मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. ते कबुलीजबाब न्यायालयाने ग्राह्य धरले नाहीत. मघाशी म्हटलेला खिळा तो हा. पोलिसापुढची कबुली चालते म्हटलं, की तपास कबुलीपाशी थांबतो. एकोणीस वर्षांनी ती कबुली गळून पडली की खाली काहीच उरत नाही, आणि तोवर खरा माणूस कुठे गेला हे शोधायची वेळ निघून गेलेली असते.

२०२५चा जुलै महिना मी पुन्हा पुन्हा बघतो. १० आणि ११ तारखेला विधानसभेत आणि विधान परिषदेत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. ‘शहरी नक्षलवाद’ या घोषणेतून आलेलं. त्यावर बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या, म्हणून संयुक्त समितीने मूळ मसुदा थोडा आवळला, आता त्यात ‘कडव्या डाव्या’ संघटना असा शब्द आहे. कडवं कोण आणि किती, हे ठरवणार कोण, ते विचारणाऱ्यांनी विचारलं. विधानसभेत मतदानाच्या वेळी विरोध करणारा आमदार एकच होता. बाकीचे का गप्प राहिले याचं उत्तर त्याच ‘दुबळं’ या शब्दात आहे असं मला वाटतं.

मग २१ तारखेला लोकल स्फोटांचा निकाल, आणि ३१ तारखेला मालेगाव २००८चा, तिथेही सातही आरोपी निर्दोष. पहिल्या निकालावर राज्य सरकार दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात गेलं. दुसऱ्या निकालावर उच्च न्यायालयात अपील केलं ते मेलेल्यांच्या घरच्यांनी. परभणीच्या मशिदीच्या खटल्यात आरोपी २०१६लाच सुटले होते, नांदेडचे उरलेले जानेवारी २०२५मध्ये सुटले. त्या शुक्रवारी मशिदीत बॉम्ब कोणी फेकला, ख्वाजा युनूसचा मृतदेह कुठे आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं परभणी जिल्ह्याला अजून मिळालेली नाहीत.